स्नायूची गाठ जन्मते कोठे?

मुलाच्या मांडीला मार लागतो, स्नायू दुखावतो आणि काही दिवसांनी आपोआप बरा होतो. ही दुरुस्ती कोण करते? स्नायूच्या तंतूंना बिलगून काही लहान पेशी निजल्यासारख्या पडून असतात. अलेक्झांडर मौरो या शास्त्रज्ञाने १९६१ साली त्यांचे वर्णन केले. इजा झाली की या पेशींना निरोप मिळतो : उठा, वाढा, स्नायू व्हा. काम संपले की थांबण्याचा निरोप येतो. पेशींचा सारा कारभार अशा निरोपांवर चालतो.

निरोप बिघडला तर पेशी वाढतच राहतात. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा मुख्यतः लहान मुलांना होणारा कॅन्सर असाच आहे. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. स्नायू होण्यास निघालेल्या आणि अर्ध्या वाटेत अडकलेल्या पेशींची ही गाठ असते. तिच्या एका प्रकारात दुसऱ्या व तेराव्या गुणसूत्राचे तुकडे तुटून भलत्याच जागी जोडले जातात आणि पेशीला चुकीचा हुकूम मिळतो. ही जोडणी कोणत्या जनुकांची, हे १९९३ साली उलगडले.

मग ही गाठ नेहमी स्नायूतूनच उगवते काय? तसे नाही. 'हेजहॉग' नावाची एक निरोपवाट आहे. ती प्रथम सापडली फळांवर घोंघावणाऱ्या क्षुल्लक माशीत. २०१२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या चरबीच्या वंशातील पेशींत हा निरोप सतत चालू ठेवला. गाठ झाली, पण ती चरबीची नव्हे, स्नायूसारखी! २०१८ साली दिसले की अशा गाठीची सुरुवात रक्तवाहिन्यांचे अस्तर घडवणाऱ्या कोवळ्या पेशींतून झाली होती. मूत्राशयात किंवा पित्तनलिकेत हातापायांसारखा स्नायू नसतो, तरी तेथे ही गाठ का होते, याचा उलगडा यातून होऊ लागला आहे.

आमच्या माताभगिनींनी यातून काय घ्यावे? गाठ दिसली की "पडला असेल" म्हणून आपण तेल चोळतो, शेकतो, अंगारा लावतो. त्यात मोलाचे दिवस जातात. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हेही खरे. परंतु वाढत जाणारी गाठ, मग ती दुखत नसली तरी, एक डोळा पुढे येणे, लघवीतून रक्त जाणे, ही लक्षणे दिसताच मुलाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. तज्ज्ञांनी गाठीचा तुकडा काढून तपासायचे ठरवले तर घाबरून माघारी फिरू नये. त्यावाचून गाठ कोणती आणि औषध कोणते, हे ठरत नाही. औषधे, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार वेळेवर मिळाले तर अनेक मुले बरी होतात.

आणखी एक सांगतो. हा रोग शिवाशिवीने पसरत नाही. बहुतेक वेळा तो पेशीतील अकस्मात बिघाडाने होतो. तेव्हा घरच्या सुनेला बोल लावू नका. तो वेळ मुलाच्या उपचाराला द्या.