फुकटाची खतावणी

गेल्या महिन्यातील गोष्ट. सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवून मी पुन्हा पेढीवर आलो होतो आणि दुकान वाढवण्याआधी रोजमेळ लिहीत बसलो होतो. तेवढ्यात माझा पुतण्या दोन मित्रांना घेऊन आला. या मुलांचा भक्तिगीतांचा एक वाद्यवृंद आहे. पेटी, तबला, बासरी, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि दोन गाणारे, असे सात जण. पर्युषण पर्वातील एखादी संध्याकाळ, महावीर जयंती, कोणाच्या घरचे मंगलकार्य, एवढ्यावर आजवर त्यांचे गाणे चालत असे. आता इचलकरंजीहून पहिले बाहेरगावचे निमंत्रण आले होते. निमंत्रकांनी पत्रिकेसाठी वाद्यवृंदाचे एक चांगले छायाचित्र मागितले होते, आणि कार्यक्रमाचीही छायाचित्रे नीट काढून घ्या, पुढे उपयोगी पडतील, असे सुचवले होते.

"काका, एक व्यावसायिक छायाचित्रकार आठ हजार मागतात," पुतण्या म्हणाला. "माझा कॉलेजातला मित्र फुकट काढतो म्हणतोय. त्यानं नवा कॅमेरा घेतलाय. आठ हजारांत आमचे दोन चांगले माईक येतील. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

प्रश्न मला का विचारला, हे उघड होते. खर्चाच्या बाबतीत काकांचा हात आखडता आहे अशी घरात माझी ख्याती आहे, आणि 'फुकट मिळते ते घ्या' असे माझ्या तोंडून ऐकण्याच्या तयारीनेच मुले आली होती. मी "उद्या सांगतो" म्हणालो. त्याचे कारण त्या मुलांच्या जन्माआधीचे होते.

१९८४ साली माझ्या बहिणीचे लग्न झाले. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, उत्तम पेटी वाजवीत; पण वाजवीत ते दुकानामागच्या खोलीत, रात्री, दार लोटून. व्यापाऱ्याने चारचौघांत गाऊ नये, असा त्यांचा समज होता. लग्नाच्या आदल्या रात्री मात्र पाहुण्यांच्या आग्रहाने ते मांडवात पेटीवर बसले आणि तासभर गायले. माझ्या एका जिवलग मित्राकडे तेव्हा कॅमेरा होता. "छायाचित्रकाराला कशाला पैसे देता? मी आहे ना," असे तो आपण होऊन म्हणाला होता. त्याने छत्तीस चित्रांचा रोल भरला आणि मन लावून सर्व चित्रे काढली. स्टुडिओत रोल धुतला तेव्हा पट्टी आरंभापासून शेवटापर्यंत कोरी निघाली. फिल्मचे टोक चकतीच्या खाचेतून निसटले होते. कळ दाबली जात होती, पण आत फिल्म पुढे सरकतच नव्हती. पुढच्या चैत्रात अण्णा गेले. पेटीवर बसलेल्या अण्णांचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही.

याहून मोठी हानी दुसरीच झाली. ज्याला पैसे दिले नाहीत, त्याला जाब कसा विचारायचा? आम्ही एक अक्षर बोललो नाही. तोही क्षमा मागू शकला नाही, कारण आम्ही त्याला काही विचारलेच नव्हते. हळूहळू त्याचे घरी येणे कमी झाले आणि मग थांबले. पैसे घेतलेल्या छायाचित्रकाराकडून हे घडले असते, तर आम्ही चार शब्द बोललो असतो, त्याने पैसे परत केले असते आणि खाते मिटले असते. फुकटाचे खाते वहीत नसते, म्हणून ते मिटवताही येत नाही.

तथापि यावरून नवख्याला दूर ठेवा आणि व्यावसायिकालाच बोलवा, असा सरसकट निर्णय देणे अन्यायाचे होईल. कोल्हापूरच्या मातीत तर ते मुळीच शोभणार नाही. बाबूराव पेंटर हे रंगकाम करणारे, नाटकांचे पडदे रंगवणारे गृहस्थ. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढे आणला. कसब हे पदवीने येत नाही. ते ध्यासाने आणि पुन्हा पुन्हा चुकण्याने येते. फक्त बाबूरावांनी चुका केल्या त्या आपल्या हिमतीवर आणि आपल्या वेळेवर. दुसऱ्याच्या लग्नात किंवा पहिल्या कार्यक्रमात शिकाऊ हाताने चूक केली, तर तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मग व्यावसायिकाला आठ हजार कशाचे द्यायचे? दुसऱ्या दिवशी मी मुलांना हेच समजावून सांगितले. रंगमंचावर प्रकाश कमी असतो आणि हात सतत हलत असतात. तबल्यावरची बोटे स्पष्ट यायची, तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहून अधिक काळ उघडा राहून चालत नाही. एवढ्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश आत घ्यायला मोठ्या छिद्राचे भिंग लागते. नव्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे भिंग दूरचे चित्र घेताना बहुधा ५.६ पर्यंतच उघडते. व्यावसायिकाचे भिंग २.८ पर्यंत उघडते. आकड्यांतील हे अंतर लहान दिसले, तरी पहिल्यातून येणारा प्रकाश दुसऱ्याच्या केवळ चौथा हिस्सा असतो. त्यात मंचावरचे लाल-निळे दिवे चेहऱ्याचा रंग बिघडवतात, आणि भक्तिगीत चालू असताना डोळ्यांवर फ्लॅश मारणे हा गाणाऱ्याचाही उपमर्द आहे. व्यावसायिक हे सर्व जाणून आलेला असतो. त्याच्याजवळ दुसरा कॅमेरा असतो, दुसरी बॅटरी असते, आणि ठरल्या दिवशी तो येतो. नवखा मित्र परीक्षेमुळे किंवा तापामुळे आला नाही, तर आपण कोणाकडे पाहायचे?

उलट, व्यावसायिकाला जे येत नाही ते मित्राला येते. गायकाची आजी तिसऱ्या रांगेत बसली आहे, बासरीवाला सूर लागला की डोळे मिटतो, पेटी वाजवणारा मुलगा चुकला की हसतो. हे परक्याला कसे कळावे? सरावाच्या खोलीत परका छायाचित्रकार आला की मुले सावरून बसतात. मित्र आला तर कोणी मान वर करूनही पाहत नाही. म्हणून निवड माणसाची नसून प्रसंगाची आहे. जो प्रसंग पुन्हा येणार नाही, तो पैसे देऊन जाणत्या हाती सोपवावा. जो दर आठवड्याला येतो, तो मित्राकडे द्यावा.

आता एक गोष्ट व्यापारी घरांनी विशेष लक्षात घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, आपल्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन कोणी छायाचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला स्वामी मोबदला देणारा ठरतो. मोबदला दिला नसेल, तर स्वामी सामान्यतः छायाचित्रकारच. म्हणजे फुकट मिळालेले छायाचित्र हातात आपल्या असते, पण मालकी दुसऱ्याची असते. उद्या मुलांनी त्यातील एखादे जाहिरातीवर किंवा ध्वनिफितीच्या वेष्टनावर छापले आणि मित्राशी बिनसले, तर तो हरकत घेऊ शकतो, आणि त्याची हरकत खरीही असेल. हक्क लिहून घ्यायचा झाला, तर १९ व्या कलमाप्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षेच धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरताच मानतात. व्यावसायिकांच्या छापील करारातही हक्क स्वतःकडे राखण्याची अट असू शकते. ती वाचूनच सही करावी. आणि पैसे मोजले म्हणून छायाचित्रकाराचे नाव गाळण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. निर्मिती आपली आहे असे सांगण्याचा त्याचा हक्क ५७ व्या कलमाने कायम राहतो. न दिलेले घेऊ नये हा संस्कार आपल्या घरांत लहानपणापासून होतो; तो छायाचित्रालाही लागू आहे.

नोंद टिकण्याचे महत्त्व आपल्या कुरुंदवाडला कोणी सांगायला नको. भूगंधर्व म्हणून गाजलेले ग्वाल्हेर घराण्याचे गायक रहिमत खाँ यांची अखेरची वर्षे याच गावात गेली आणि १९२२ साली ते येथेच निवर्तले. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे हे त्यांच्या वडिलांचे, हद्दू खाँ यांचे शिष्य. आपल्या गुरुपुत्राला त्यांनी जवळ आणले आणि छत्रे घराण्याने त्यांचा सांभाळ केला. ती सेवा प्रेमाची होती, तिला मोल नव्हते. पण खाँसाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, तो त्यांच्या उतरत्या वयात निघालेल्या ध्वनिमुद्रिकांमुळे. आणि त्या काढणारी ग्रामोफोन कंपनी व्यापार करीत होती. प्रेमाने गायक जपला, व्यवहाराने त्याचा सूर जपला. दोन्हींची गरज होती, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

शिवाय आपले गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे. २००५, २०१९ आणि २०२१ या साली आलेल्या महापुरांनंतर किती घरांनी ओले अल्बम उन्हात पसरले आणि शेवटी टाकून दिले, हे आपण पाहिले आहे. म्हणून छायाचित्रे कोणीही काढोत, त्यांच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक गावाबाहेर, पुण्या-मुंबईच्या नातलगाकडे किंवा संगणकीय साठ्यात असावी. व्यावसायिकाकडे त्या किती दिवस राहणार, हेही आधीच विचारून घ्यावे.

शेवटी मी मुलांना असे सांगितले: इचलकरंजीच्या संध्याकाळी आणि पत्रिकेच्या चित्रासाठी व्यावसायिकाला बोलवा. दर ठरवा, किती चित्रे आणि किती दिवसांत ते लिहून घ्या, थोडी रक्कम आगाऊ द्या, उरलेली चित्रे हाती आल्यावर द्या. मित्राला सरावाला बोलवा. पण फुकट नको. त्याला दर वेळी पाचशे रुपये आणि येण्याजाण्याचा खर्च द्या, एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या आणि प्रत्येक चित्राखाली त्याचे नाव घाला. चित्र बरे नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. पाचशे रुपयांत तेवढे बोलण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो आणि ऐकून घेण्याची मोकळीक त्याला मिळते.

"तो पैसे घेणार नाही, काका. त्याला वाईट वाटेल," पुतण्या म्हणाला.

"मग त्याला माझ्याकडे पाठव."

मुलगा आला. सालस होता. पैशांचे नाव काढताच संकोचला. मी त्याला माझ्या मित्राची गोष्ट सांगितली, नाव न घेता. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने कागद वाचला, मुदतीच्या जागी काही लिहिलेले नाही हे त्यानेच दाखवले, आणि सही केली. पाचशेची नोट मी रोजमेळात नावे लिहिली.

इचलकरंजीचा कार्यक्रम चांगला झाला आणि व्यावसायिकाची चित्रेही उत्तम आली. पत्रिकेतले चित्र तर निमंत्रकांनी मोठे करून प्रवेशद्वारावर लावले. पण पुतण्याने आपल्या खोलीत लावले आहे ते मित्राने सरावात काढलेले. त्यात तो अण्णांच्या जुन्या पेटीवर बसला आहे, भाता अर्धा उघडा आहे, आणि सूर चुकल्यामुळे तो हसतो आहे. खाली कोपऱ्यात मित्राचे नाव आहे. ते पाहताना मला माझ्या जुन्या मित्राची आठवण होते. त्याचा पत्ता मी शोधून काढला आहे. या दिवाळीत त्याच्याकडे जाऊन यायचे ठरवले आहे.