मार्टिनींतलें पाणी

परदेशीं शिकून किंवा नोकरी करून परतलेले तरुण आपल्याबरोबर तेथील कांहीं रीति घेऊन येतात. मार्टिनी हें पेय त्यांपैकींच एक. वडीलधाऱ्या मंडळींस हा विषय रुचणारा नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु जी वस्तु दिवाणखान्यांत येऊन बसलीच आहे, तिच्याविषयीं दाराआड कुजबुजण्यापेक्षां ती काय आहे हें नीट समजून घेणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

मूळची मार्टिनी अमेरिकेंतली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली, आणि जिन या मद्याची. व्होडका तींत मागाहून आली. इयान फ्लेमिंग यांच्या १९५३ सालच्या ‘कॅसिनो रोयाल’ या कादंबरींत जेम्स बाँड जो पेला मागवितो, त्यांत जिन व व्होडका दोन्ही आहेत. १९६२ पासूनच्या चित्रपटांनीं मात्र नुसत्या व्होडकेची, हलवून केलेली मार्टिनी सर्वतोमुखीं केली.

व्होडकेच्या जोडीला लागतें तें वर्मूथ, म्हणजे वनौषधींचा अर्क उतरविलेली व वरून मद्यार्काची थोडी भर घातलेली द्राक्षांची वाइन. तिचें नांव ज्या कडू वनस्पतीवरून पडलें, ती आपण चैत्रांत देवाला वाहतों त्या दवण्याच्याच कुळांतली आहे. वर्मूथची बाटली पेल्याला नुसती दाखविली तरी पुरे, असें कांहीं शौकीन दिमाखानें सांगतात. आमच्या मतें ती मार्टिनी नव्हे, ती गार व्होडका. ६० मिलिलिटर व्होडकेस १० मिलिलिटर वर्मूथ (गोड नव्हे, ड्राय) हें प्रमाण आम्हांस पटतें.

परंतु खरी मेख तिसऱ्या घटकांत आहे, आणि कृति सांगणारे त्याचें बहुधा नांवच घेत नाहींत. हा घटक म्हणजे पाणी. काचेच्या उंच भांड्यांत बर्फाचे मोठे खडे भरून त्यांवर दोन्ही मद्यें ओतावीं आणि लांब दांड्याच्या चमच्यानें सुमारें अर्धा मिनिट संथपणें ढवळावें. तेवढ्या वेळांत बर्फ वितळून मद्याच्या जवळजवळ चौथाई पाणी त्यांत मिसळतें, आणि त्यानेंच पेयाचा दाह मोडतो. आइस्क्रीमच्या भांड्याभोंवतीं बर्फांत मीठ घालून आपण गारवा वाढवितों. येथें तें काम मद्यार्क करतो, म्हणून पेय शून्य अंशाच्याहि खालीं उतरूं शकतें. व्होडका आधींच फ्रीझरमध्यें ठेवण्याची हौस मात्र नडते: बर्फ पुरेसा वितळत नाहीं आणि घोट घसा जाळीत जातो. फ्रीझरमध्यें ठेवावा तो पेला. हलवून केलेल्या पेयांत हवेचे बुडबुडे व बर्फाचा चुरा शिरून तें धुरकट दिसतें, ढवळलेलें नितळ राहतें. गाळून झाल्यावर लिंबाच्या सालीचा तुकडा वर पिळावा, किंवा खारविलेलें एक ऑलिव्ह टाकावें. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ. आंतला पांढरा भाग न घेतां ती सोलणें म्हणजे कसबाचें काम.

हा नितळपणाच फसवा आहे. थंडीनें चव बधिर होते, रंग पाण्याचा, पेला नाजूक. पण त्या एवढ्याशा पेल्यांतला मद्यार्क नेहमींच्या बिअरच्या अर्ध्या लिटरहून अधिक भरतो. ज्या तबकांत पाण्याचे पेले फिरतात, त्यांतच हा पेला ठेवूं नये. घरांत लहान मुलें व चष्मा विसरणारे आजोबा दोघेहि असतात. पाहुण्यानें एकदां ‘नको’ म्हटल्यावर आग्रहाचा विषय तेथेंच संपवावा. आपली जेवणांतली आग्रहाची रीत येथें लागू नाहीं. महाराष्ट्रांत घरीं पिण्यासहि परवाना लागतो व अशा तीव्र मद्यासाठीं वयाचीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात, हेंहि घरच्या तरुणांस ठाऊक असावें.

राहिली एक गोष्ट. वर्मूथ ही शेवटीं वाइनच, बाटली उघडल्यावर ती हळूहळू उतरते. फ्रिजमध्यें ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख चिकटवावी. नैवेद्याच्या दुधाचा जेथें कप्पा ठरलेला आहे, तेथें या बाटलीला कोणता कप्पा द्यावयाचा, हा निवाडा आम्ही ज्या त्या घरच्या थोरल्या सूनबाईंवर सोंपवितों.