टोफूला पनीरच्या रांगेतून बाहेर काढा

बहुतेक मराठी घरांत टोफू शिरला तो आहारतज्ज्ञाच्या कागदावरून. कोलेस्टेरॉल वाढलं, दूध सोसेनासं झालं किंवा घरातल्या लेकीने व्हिगन व्हायचं ठरवलं, की फ्रीजमध्ये तो पांढरा चौकोन येऊन बसतो. मग हाताला सवय असते तेच केलं जातं, म्हणजे पनीरची भाजी, फक्त पनीर वगळून. पालक टोफू, टोफू मटर, टोफू बटर मसाला. पहिल्या घासाला सगळे एकमेकांकडे बघतात, कुणीतरी ‘वाईट नाहीये’ म्हणतं आणि उरलेलं अर्धं पाकीट आठवडाभर कोपऱ्यात पडून राहतं.

यात टोफूचा दोष नाही. पनीरची सगळी मदार दुधाच्या स्निग्धतेवर असते. शंभर ग्रॅम पनीरमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे ते नुसतं खाल्लं तरी जिभेला काही मिळतं. घट्ट टोफूत स्निग्धांश त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि वजनातला ७० ते ८५ टक्के भाग पाण्याचा. असा पाण्याने भरलेला तुकडा काजू-टोमॅटोच्या रश्शात सोडला, तर मसाल्याने आत शिरायचं कुठून? तुकडा फिका राहतो, रस्सा पातळ होतो आणि ठपका टोफूवर येतो.

ज्या देशांत टोफू शेकडो वर्षं खाल्ला जातो, तिथे तो कुणाच्या जागी बदली म्हणून येत नाही. चीनमधल्या दंतकथेप्रमाणे तो हान काळातल्या लिऊ आन या राजपुत्राने शोधला. लेखी उल्लेख मात्र दहाव्या शतकातले आहेत. सिचुआन प्रांताच्या छंग्दू शहरातला प्रसिद्ध ‘मापो टोफू’ पारंपरिक पद्धतीने करतात तेव्हा त्यात गोमांसाचा खिमा असतो. मांसाला पर्याय म्हणून टोफू, ही समजूत तिथल्या माणसाला ऐकूनच गंमत वाटेल. जपानमध्ये १७८२ साली ओसाकात ‘तोफू ह्याकुचिन’ नावाचं पुस्तक निघालं. त्यात टोफूच्या शंभर पाककृती होत्या, आणि साध्या रोजच्या पदार्थांपासून अजोड म्हणाव्या अशा पदार्थांपर्यंत त्यांची सहा प्रतींत विभागणी केली होती. पुस्तक इतकं चाललं की पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढावा लागला.

या सगळ्या परंपरेतून मराठी स्वयंपाकघराने एकच गोष्ट उचलायची असेल, तर ती कुरकुरीत टोफू आणि त्यावर गोड-खारट सॉस ही. कोरियात याला ‘दुबू गांगजोंग’ म्हणतात. इंडोनेशियात तळलेल्या टोफूवर ताडगुळाने गोड केलेला दाट सोया सॉस, म्हणजे ‘केचाप मानिस’, ओततात. जपानी ‘आगेदाशी’त बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळलेला टोफू सोया सॉस आणि मिरीन या तांदळाच्या गोडसर दारूच्या पातळ रसात बसतो. तपशील निराळे असले तरी बाहेरून कडक, आतून मऊ आणि वर गोड-खारट चकाकी हे सूत्र तिन्हीकडे दिसतं.

आणि ही चव मराठी जिभेला परकी नाही. आमटीत आमसुलाबरोबर गूळ पडतो, भरल्या वांग्यात पडतो, अळूच्या फदफद्यात पडतो. मीठ, आंबट आणि गूळ यांचा तोल साधायला इथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. शिकावं लागतं ते टोफूतलं पाणी काढायला.

कुरकुरीतपणाचं सगळं गणित त्या पाण्याशी आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, आणि तुकड्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान त्यापुढे सरकत नाही. खमंग तांबूस रंग येण्यासाठी मात्र साधारण १४० अंश लागतात. म्हणून ओला टोफू तव्यावर टाकला की तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि तव्याला चिकटतो. पाकीट घेताना ‘फर्म’ किंवा ‘एक्स्ट्रा फर्म’ लिहिलेलं बघून घ्यावं. ‘सिल्कन’ या कामाचा नाही. टोफू स्वच्छ पंचात गुंडाळायचा, दोन ताटांच्या मध्ये ठेवायचा आणि वर पाण्याने भरलेला कुकर किंवा वरवंटा ठेवून द्यायचा. अर्ध्या तासात पंचा चिंब होतो. घाई असेल तर तुकडे चांगल्या खारट, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून निथळावेत. पाणी काढायला पाण्यातच बुडवायचं हे उफराटं वाटेल, पण गरम खारट पाण्याने बाहेरचा थर आवळतो, तुकड्याला मीठ लागतं आणि गरम असल्याने तो लवकर सुकतो.

पुढचं काम सुरीऐवजी हाताने केलेलं बरं. टोफू हाताने तोडला की कडा खडबडीत होतात, पीठ त्या खाचांत अडकतं आणि कुरकुरीत भाग वाढतो. सुरीने कापलेले गुळगुळीत चौकोन फोटोत चांगले दिसतात, एवढंच. दोनशे ग्रॅम टोफूला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर पुरतं. त्यात चमचाभर तांदळाची पिठी मिसळली तर कवच आणखी कडक होतं. मैदा नको, त्याचं आवरण लगेच चिवट होतं. पीठ लावायचं ते तवा तापल्यावरच. आधी लावून ठेवलं तर ते ओलावा ओढून घेतं आणि चिकट लगदा होतो.

बिडाचा किंवा लोखंडी तवा, तीन-चार चमचे तेल, आणि तुकड्यांमध्ये बोटभर अंतर. बुडवून तळायची गरज नाही. सगळ्यात अवघड काम आहे हात आवरण्याचं. पहिली तीन-चार मिनिटं तुकडा हलवायचा नाही. खालची बाजू झाली की तो आपणहून तव्यापासून सुटतो. सारखं उलथनं घालणाऱ्याच्या तव्यावर कवच राहतं आणि ताटात नुसता टोफू येतो.

सॉस वेगळ्या कढईत करायचा. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, किसलेलं आलं आणि सुकी मिरची परतायची. त्यावर दोन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा किसलेला गूळ, चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबू आणि थोडं पाणी. मीठ अजिबात घालायचं नाही. जपानी स्वयंपाकी इथे मिरीन वापरतात. तिच्याऐवजी गूळ घातल्याने चव थोडी खोल होते, आणि या ठिकाणी तो साखरेपेक्षा सरस ठरतो. बुडबुडे मोठे आणि संथ झाले की गॅस बंद करायचा, टोफू टाकायचा, दोनदा हलवायचा आणि लगेच वाढायचा. कवचातला स्टार्च उरलेला ओलावा धरून सॉसला दाटपणा देतो. सॉसमध्ये टोफू शिजत ठेवला, तर आधीचा अर्धा तास वाया गेला असं समजावं.

सोया सॉसच्या बाटलीवरचं लेबल मात्र वाचायला हवं. अस्सल सॉस सोयाबीन आणि गहू यांवर कोजी बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून होतो. आम्लाने प्रथिनं फोडून आणि कॅरॅमलचा रंग घालून झटपट बनवलेले सॉसही त्याच फळीवर असतात, आणि आटवले की ते कडवट होतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. वर दिलेलं प्रमाण तिघांत वाटलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅमच्या आसपास मीठ येतं. तेव्हा त्या जेवणात लोणचं आणि पापड नसावेत. पण ‘हेल्दी’ या एकाच शिक्क्याखाली टोफू विकायचा अट्टहास सोडला, तर त्याचं भलंच होईल. औषध म्हणून खाल्लेलं अन्न बरं वाटू लागलं की बंद होतं. चवीने खाल्लेलं पुन्हा मागितलं जातं.

महाराष्ट्रात हा विषय स्वयंपाकघरापुरता राहत नाही, कारण टोफू ज्याच्या दुधापासून बनतो ते सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली आघाडीची राज्यं आहेत. लातूर, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांचं खरिपाचं अर्थकारण या पिकावर चालतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. विधानसभा निवडणुकीच्या सभांमध्ये त्यावरून रान उठलं. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ रुपये झाला. या दाण्यात तेल सुमारे १८ ते २० टक्के आणि प्रथिनं ४० टक्क्यांच्या घरात. इथे तेल काढलं जातं, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा निर्यातीत जाते. माणसाच्या ताटात सोयाबीन येतं ते बहुतांशी तेल आणि वड्यांच्या रूपाने.

टोफू खाल्ल्याने लातूरच्या मोंढ्यातला भाव चढेल, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. खाद्यतेलाची आयात आणि पेंडेची जागतिक मागणी यांच्यापुढे घरगुती तव्याची काय कथा! तरीही पिकाच्या गावात त्या पिकाचा खाद्यपदार्थ मिळू नये, हे चमत्कारिक आहे. सोयाबीन माणसाने खावं हा विचार इथे नवाही नाही. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि ‘हरिजन’मधून त्याबद्दल लिहिलं. कुमाऊंमध्ये काळ्या सोयाबीनची, म्हणजे ‘भट’ची, चुडकाणी होते, मेघालयात आंबवलेल्या सोयाबीनचं तुंगरिंबाई आणि नागालँडमध्ये अखुनी रोजच्या जेवणात असते.

ताजा टोफू बनवायला प्रचंड कारखाना लागत नाही. दाणे रात्रभर भिजवायचे, वाटायचे, दूध गाळून नीट उकळायचं आणि मॅग्नेशियम क्लोराइड किंवा खाण्यायोग्य जिप्समने ते साकळून दाबायचं. उकळण्याची पायरी चुकवून चालत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमधले पचनाला अडवणारे घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात. किलोभर दाण्यांपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू निघतो आणि मागे राहिलेला चोथा थालीपिठाच्या पिठात खपतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत यासाठीची यंत्रं आणि प्रशिक्षण दोन्ही आहे. महाराष्ट्रातल्या सोयाबीन उत्पादक कंपन्यांनी आणि बचत गटांनी ते शिकून टोफू विकायला काढला, तर पाकिटावर ‘पनीरला पर्याय’ असं छापण्याऐवजी त्यासोबत कॉर्नफ्लॉवरची पुडी आणि गुळाच्या सॉसची कृती द्यावी. जिल्ह्याच्या बसस्थानकाबाहेर वडापावशेजारी अशी एखादी गाडी लागली, आणि तव्यावरचा टोफू गिऱ्हाइकासमोर सॉसमध्ये पडला, तर तो काय आहे हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.