आधी फिल्टर, मग मासे!

परवा हॉस्टेलवर एकाने विचारलं, "घरी पाच फुटी फिशटँक घेतोय, फिल्टर कुठला घेऊ?" खोलीतल्या चौघांनी चार कंपन्यांची नावं सांगितली. मला मात्र आमच्या नेरूळच्या घरातले सात गोल्डफिश आठवले.

बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने ५ बाय २ बाय २ फुटांची टाकी आणली. म्हणजे २० घनफूट, साधारण ५६५ लिटर पाणी. दुकानदाराने दोन पॉवर फिल्टर दिले आणि "स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा" म्हणून सांगितलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते काम मी अंगावर घेतलं. चोळून चोळून स्पंज अगदी नवे केले. पाणी आरशासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले आणि पाचव्या दिवशी एकही उरला नाही. बाबा काही बोलले नाहीत. एकेक मासा जाळीने काढून त्यांनी सोसायटीतल्या पेरूखाली पुरला. त्यांचं ते गप्प राहणंच जास्त लागलं.

चूक काय झाली? माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. स्पंजवर वाढलेले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन नळाला येतं. आपल्याला तो क्लोरीन हवाच, पण जीवाणूंना तो विष! स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा असतो, हे मला नंतर कळलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: फिल्टर खोक्यावरचा 'लिटर पर अवर' बघून घेऊ नये. तो आकडा शून्य हेडचा असतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण पंपाचा कर्व्ह काढतो, तोच इथे लागू. पाणी चार फूट वर चढवायचं म्हटलं की फ्लो बराच घटतो. खरा प्रश्न एकच, जीवाणूंना बसायला जागा किती आणि साफसफाई किती सोपी?

कॅनिस्टर फिल्टर सुटसुटीत आणि शांत, पण लाईट बराच वेळ गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो. मोठ्या टाकीला मी संपच सुचवीन. टाकीखाली दुसरी काचेची टाकी, तिच्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज. मात्र पंप थांबला की वरचं पाणी खाली येतं. आमच्या टाकीची पातळी २ सेंटिमीटर उतरली तरी १८ लिटर होतात! तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील. भोकाचं आधीच ठरवा, टफन्ड काचेला नंतर भोक पडत नाही.

नवा संप लावल्यावर आम्ही पाच आठवडे अमोनियाचे थेंब घालत, टेस्ट किट बघत बसलो. आई म्हणायची, "पाणी पाळलंय का रे?" सहाव्या आठवड्यात बाबांनी फक्त दोन गोल्डफिश आणले. ते अजून आहेत.