गोफण खांद्यावर की हातात?

प्रबोधनकालीन शिल्पात श्रद्धेची शांती असते आणि बरोक शिल्पात नुसते प्रदर्शन, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत रूढ आहे. सेमिनरीत असताना मीही तोच उगाळीत असे. आज तो मला मान्य नाही.

मायकेलअँजेलोने 1501 ते 1504 या काळात फ्लॉरेन्समध्ये घडविलेला पाच मीटरहून उंच दावीद पाहा. गोफण खांद्यावर, नजर शत्रूवर. तो अजून विचारच करीत आहे. रोममधील बर्निनीचा दावीद 1623-24 मधला, माणसाएवढाच. त्याचे अंग पिळवटले आहे, ओठ घट्ट मिटले आहेत, गोफण ताणलेली आहे. पायाशी शौलाचे टाकून दिलेले चिलखत आहे. यात प्रदर्शन कोणते? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 17 वा अध्याय उघडा. दावीद चिलखत उतरवितो, ओढ्यातले पाच गोटे निवडतो आणि गल्याथावर धावून जातो. बर्निनीने शास्त्रच कोरले आहे.

मासवणच्या शेतात गोफणीने पाखरे हाकणाऱ्या पोराला हे शिकवावे लागत नाही. अंग वळविल्यावाचून धोंडा सुटत नाही, हे तो जाणतो.

मायकेलअँजेलोची थोरवी मी नाकारीत नाही. कृतीआधी विचार हवाच. परंतु आदिवासी बांधवाची जमीन डोळ्यांदेखत जात असता आपण मिस्सा ऐकून स्वस्थ घरी परततो आणि त्या स्वस्थतेलाच श्रद्धा म्हणतो, याला माझा आक्षेप आहे. वाचकहो, आपली गोफण खांद्यावरून खाली कधी यायची?