पुराचा वेग फोटोवरून मोजता येतो, खोली नाही

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात नदीकाठची शेती दोन प्रकारे गेली. कुठे पाणी साचून कापूस-सोयाबीन सडले, कुठे धारेने मातीच खरवडून नेली. 2025 मधील मदतीच्या निकषात हा फरक मोठा होता. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तर खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये होते. भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या पूर्णा-गिरिजा खोऱ्यातील गावांत पंचनामा करताना म्हणूनच पाणी कुठवर आले एवढे पाहून भागत नाही, ते किती वेगाने गेले हेही पाहावे लागते.

हा वेग वरून काढलेल्या फोटोंतून मिळतो. जपानमध्ये 1960 च्या दशकातच विमानातून काढलेल्या छायाचित्रांवर पुराचा वेग मोजला गेला. आता ड्रोन पुरतो. एकाच जागेवरून, कॅमेरा सरळ खाली ठेवून काही सेकंदांच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे. फेस, काडीकचरा, वाहती फांदी किती सरकली ते पाहायचे. मापासाठी पुलाची रुंदी किंवा मोजलेला बांध फोटोत हवाच.

समजा, फांदी 4 सेकंदांत 10 मीटर सरकली. वेग सेकंदाला 2.5 मीटर. पण वरचा थर जास्त पळतो, म्हणून 0.85 ने गुणायचे. सरासरी वेग सुमारे 2.1 मीटर. पात्र 60 मीटर रुंद आणि सरासरी 3 मीटर खोल असेल, तर विसर्ग सेकंदाला सुमारे 380 घनमीटर, म्हणजे साधारण 13,500 क्युसेक.

यातली खरी अडचण खोलीची. गढूळ पाण्याखालचा तळ फोटोत दिसत नाही. पूर ओसरल्यावर पात्राचा आडवा छेद मोजावा लागतो आणि पुलाच्या खांबावर, झाडांवर राहिलेल्या खुणांवरून पाण्याची पातळी धरावी लागते. तळ खरवडला किंवा गाळाने भरला असेल तर आकडा चुकतो. त्यामुळे फोटोवरून काढलेला विसर्ग अंदाजच समजावा. वेगावर मात्र बराच भरवसा ठेवता येतो, आणि माती जाते ती वेगानेच.

पुरात ड्रोन उडवणे शक्य नसेल, तर पुलावरून मोबाईलने स्थिर धरून व्हिडिओ घ्या, तारीख-वेळ नोंदवा. पाणी उतरताच झाडांवरच्या खुणा रंगाने पक्क्या करा. पुढच्या पावसात त्या धुऊन जातात.