आसनाखालची वाफ

सुट्ट्यांचा हंगाम आला की गोव्यापासून अंदमानापर्यंत, आणि आता टिहरीच्या जलाशयातही, जेट स्कींची घरघर सुरू होते. त्यांच्या सुरक्षिततेची चर्चा लाइफ जॅकेट, पोहणाऱ्यांपासूनचे अंतर आणि चालकाचे प्रशिक्षण यांभोवती फिरते. ते सारे आवश्यकच आहे. परंतु इंधन भरल्यानंतर आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी जी काही मिनिटे जातात, किंबहुना जाऊ दिली जात नाहीत, त्यांच्याकडे प्रशासनाचे लक्ष वेधणे मला अधिक निकडीचे वाटते.

पेट्रोलची वाफ हवेहून तीन ते चार पट जड असते. मोटारीत गळती झाली तर ती वाफ बहुधा खालून निघून जाते. जेट स्कीचे इंजिन मात्र आसनाखालच्या, पाणी शिरू नये म्हणून जवळपास बंद केलेल्या पोकळीत असते. तिथे वाफ तळाशी साचते आणि हवेतील तिचे प्रमाण अवघ्या दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. ती ठिणगी स्टार्टरचे बटण दाबताना पडू शकते, आणि त्या क्षणी चालक व पर्यटक नेमके त्या पोकळीवर बसलेले असतात.

उपाय अगदी साधा आहे. इंधन भरताना इंजिन बंद असावे, प्रवासी उतरलेले असावेत. झाकण सावकाश फिरवून टाकीतला दाब आधी जाऊ द्यावा. उन्हात इंधन प्रसरण पावते, म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. मग आसन काढून पोकळी काही मिनिटे उघडी ठेवावी आणि वाकून वास घ्यावा. वास येत असेल तर इंजिन सुरू न करता नळी, तिचे क्लॅम्प आणि टाकी तपासावी. अमेरिकेत बंदिस्त पेट्रोल इंजिनाच्या बोटींवर ‘आधी चार मिनिटे पंखा चालवा’ अशी सूचना लावणे नियमाने बंधनकारक आहे. जेट स्कीवर बहुधा असा पंखा नसतो. तिथे उघडे आसन हाच पंखा.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. जेट स्की बनवणाऱ्या प्रमुख कंपन्यांच्या पुस्तिका मात्र साधारणतः १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. अमेरिकेत तर १५ टक्क्यांचे मिश्रणही बोटींच्या इंजिनांना निषिद्ध आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. इथेनॉल धोरणाचा मी विरोधक नाही. तेलाची आयात आणि ऊस उत्पादकांचे हित ही त्यामागची कारणे वजनदार आहेत. पण त्या धोरणाच्या चर्चेत मोटारी आणि दुचाकीच दिसतात, पाण्यावरची इंजिने कुणाच्या ध्यानात नसतात.

१८६३ मध्ये कलकत्त्यात एका बाष्पकाचा भीषण स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले, तेव्हा कुठे १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. मग प्रत्येक प्रांताने आपापले निराळे नियम केले आणि देशभर एकसारखा कायदा यायला १९२३ उजाडले. जलक्रीडांच्या बाबतीत आपण त्याच वाटेने चाललो आहोत: समुद्रकिनारी राज्यांची बंदर खाती, अंतर्देशीय पाण्यात २०२१ चा जलयान कायदा, आणि प्रशिक्षणासाठी गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. शिवाय १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात वाहनाच्या टाकीतील इंधनाला परवान्यातून सूट आहे, आणि वाहनाच्या त्या व्याख्येत जलयानही येते.

व्यावसायिक म्हणतील, दहा मिनिटांच्या फेरीसाठी रांग लागलेली असताना आसन कोण उघडणार? पण ही तपासणी प्रत्येक फेरीला नको आहे. ती इंधन भरल्यावर आणि सकाळी पहिल्यांदा यंत्र पाण्यात नेताना करायची आहे. ती भाड्याच्या परवान्याची अट व्हावी, तिची नोंद यंत्रागणिक वहीत राहावी आणि इंधनाच्या नळ्या दरवर्षी हंगामापूर्वी तपासल्या जाव्यात. पर्यटन मंत्रालयाने राज्यांना असे एक पानी परिपत्रक येत्या हंगामाआधी पाठवावे. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.